तळाचा दाब

उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या हद्दीत, होद नावाचं छोटं तेलक्षेत्र आहे. 1990 साली सुरू झालेल्या त्याच्या प्लॅटफॉर्मवर माणसं राहत नसत. तेल आणि वायू एकाच पाइपातून, समुद्रतळावरून, 13 किलोमीटरवरच्या वाल्हाल तेलक्षेत्राकडे जात असत. तिथे पाइप उभा होऊन सुमारे 70 मीटर चढत असे. या उभ्या भागाला रायझर म्हणतात.

ओघाला जोर असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. तो मंदावला की रायझरच्या तळाशी तेल साचतं आणि वायूची वाट अडते. तेल वर चढत राहतं, मागे वायू कोंडत जातो. दहा मीटर पाण्याचा दाब साधारण एक बार. तेल थोडं हलकं, तरी इथे पाच-सहा बारचं ओझं होतं. तोवर वरचा सेपरेटर, म्हणजे तेल आणि वायू वेगळे करणारी टाकी, जवळजवळ कोरडाच. मग कोंडलेला वायू त्या ओझ्याला भारी पडतो, रायझरमध्ये घुसतो, आणि तेलाचा लोंढा एकदम सेपरेटरवर आदळतो. मागोमाग वायूचा झोत. उरलेलं तेल खाली घसरतं, तळ पुन्हा तुंबतो, आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

जुना उपाय म्हणजे वरची झडप आवळायची. लोंढे थांबतात, पण मागचा दाब वाढून विहिरींचं उत्पादन घटतं. मला ही किंमत फार मोठी वाटते, कारण झडप बरीच उघडी असतानाही संथ, सलग प्रवाह शक्य असतो. गणितात तो सापडतो. फक्त तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारखा तो आपला आपण टिकत नाही. सतत लक्ष ठेवून झडप किंचित उघडत-मिटत राहिलं, तर टिकतो.

लक्ष कुठे ठेवायचं, हा खरा प्रश्न. झडप वर आहे, म्हणून वरचाच दाब पाहावा असं सहज वाटतं. पण झडप हलवल्यावर तो दाब आधी भलत्याच दिशेला जाऊ शकतो, आणि त्याच्या भरवशावर प्रवाह सावरणं फार कठीण होतं. कोंडी होते ती खाली आणि मागे. म्हणून वाल्हालची झडप स्वयंचलित नियंत्रणाखाली आणली, तेव्हा ती पाइपाच्या दुसऱ्या टोकाच्या, होदकडच्या दाबावर चालवली.