पेशीचीच यंत्रणा, विषाणूचा हुकूम

काही कर्करोगांचे मूळ संसर्गात असते, हे आज सर्वमान्य आहे. पण विषाणू पेशीत शिरून नेमके करतो काय, याबद्दलची समजूत गेल्या अर्धशतकात पार पालटली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासात हा पालट टप्प्याटप्प्याने पाहता येतो.

१९७०च्या दशकात या रोगाबाबत संशय होता तो हर्पिसच्या विषाणूवर. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन मात्र पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा माग सोडायला तयार नव्हते. १९८३-८४मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने कर्करोगाच्या गाठींतून त्याचे १६ आणि १८ हे प्रकार शोधून काढले. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१मध्ये घेतलेल्या आणि अजूनही प्रयोगशाळांत वाढत असलेल्या हीला पेशींतही प्रकार १८ची जनुके मिळाली. कारण सापडले होते, रीत कळायची होती.

ती कळायला पी-५३ या प्रथिनाची मदत झाली. १९७९मध्ये सापडलेले हे प्रथिन दहा वर्षे कर्करोगाला हातभार लावणारे मानले जात होते. १९८९च्या सुमारास ते मत उलटले. डीएनएला इजा झाली की पेशीचे विभाजन थांबवणारे, वेळप्रसंगी पेशीला मरण पत्करायला लावणारे हे रक्षक प्रथिन आहे, हे स्पष्ट झाले. अनेक कर्करोगांत त्याचे जनुकच बिघडलेले असते. एचपीव्हीमुळे झालेल्या गाठींत मात्र जनुक बहुधा धडधाकट आढळे, तरी प्रथिन जवळजवळ नाहीसे झालेले असे. मग ते जाते कुठे?

१९९०मध्ये दिसले, की विषाणूचे ई-६ हे प्रथिन पी-५३ला धरते आणि त्यानंतर पी-५३ नष्ट होते. पण नष्ट करण्याची ताकद इवल्याशा ई-६मध्ये नव्हतीच. १९९३मध्ये अमेरिकी विषाणुतज्ज्ञ पीटर हाउली यांच्याबरोबर काम करणाऱ्या संशोधकांनी खरा कर्ता ओळखला. ते होते मानवी पेशीचेच एक एन्झाइम, ई-६-एपी. नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण करणे हे त्याचे नेहमीचे काम. खूण झालेले प्रथिन पेशीतील प्रोटिअसोम मोडून टाकते. पाडायच्या इमारतींवर खुणा करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती कोणी चुकीचा पत्ता द्यावा, तसे ई-६ या एन्झाइमला पी-५३कडे वळवते. एरवी पी-५३ त्याच्या वाट्याला येत नाही. ते काम एमडीएम-२ या वेगळ्या एन्झाइमचे.

मला या शोधाचे मोल इथे वाटते. विषाणू बाहेरून विध्वंसाचे हत्यार आणतो, ही कल्पना अपुरी ठरली. पेशीची शिस्त राखणारी व्यवस्थाच तो आपल्या कामाला जुंपतो. म्हणून सरसकट एन्झाइम बंद पाडणे हा उपाय धोक्याचा. हेच ई-६-एपी मेंदूत उणे पडले तर एंजलमन सिंड्रोम हा गंभीर विकार होतो, हे १९९७मध्ये उघड झाले. औषधाने तोडायला हवा तो ई-६ आणि एन्झाइम यांच्यातला दुवा.

असे औषध हाती येईपर्यंत थांबण्याची गरज नाही, कारण संसर्गापासून कर्करोगापर्यंतची वाट बहुधा अनेक वर्षांची असते. बहुतेक संसर्ग शरीर स्वतःच परतवते. ठाण मांडून बसलेला संसर्ग तेवढा घातक. तो वेळेत हेरला तर काय साधते, हे महाराष्ट्रानेच दाखवले. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. २०२२मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एचपीव्हीवरच्या लशीला मान्यता मिळाली. लस संसर्गच रोखते, त्यामुळे ई-६ पेशीत पोहोचण्याचाच प्रश्न उरत नाही.

तरीही आपल्याकडे हा आजार लाजेपोटी झाकला जातो. रेणूंच्या पातळीवरची ही हकिकत त्या लाजेला कुठलाच आधार देत नाही. एचपीव्हीचा संसर्ग जगात अतिशय सर्वसाधारण आहे, आणि तो कोणाच्या शरीरात टिकून राहील हे चारित्र्यावर ठरत नाही. मुलीला लस देणे आणि तिशीनंतर आईची चाचणी करणे, या दोन्ही गोष्टी घरात गोवराच्या लशीइतक्या मोकळेपणाने बोलल्या गेल्या पाहिजेत.