लॉग पुसायचा अधिकार कोणाचा?

बँकेच्या ॲपवर ‘व्यवहार यशस्वी’ असं उमटतं, तेव्हा नवी शिल्लक डिस्कवरच्या मूळ तक्त्यात उतरलेली असेलच असं नाही. उतरलेली असते ती लॉगमधली नोंद: अमुक पानावर अमुक बदल. डेटाबेस ‘झालं’ म्हणतो तो तिच्या भरवशावर. तक्ता नंतर सवडीने लिहिला जातो. पेढीवर कीर्द आधी आणि खतावणी मागाहून, तोच हा क्रम. मध्येच वीज गेली तर कीर्दीवरून खतावणी पुन्हा उभी राहते.

ती कशी उभी करायची, याची ‘एरीज’ ही पद्धत आयबीएममधल्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली सविस्तर मांडली. मला ती विचार म्हणूनही मोलाची वाटते. कोसळलेला डेटाबेस आधी लॉग वाचून काय अर्धवट राहिलं ते ठरवतो. मग घडलेलं सगळं पुन्हा घडवतो, पुढे रद्दच करायचे व्यवहारसुद्धा! हा खटाटोप उगाच वाटेल. पण कोसळतानाची नेमकी स्थिती हाती आल्याशिवाय मागे फिरणं धोक्याचं. त्यानंतर अर्धवट व्यवहार मागे घेतले जातात, आणि मागे घेतल्याचीही लॉगमध्ये नोंद होते. त्यामुळे सावरतानाच पुन्हा वीज गेली, तरी तेच काम दुसऱ्यांदा उलटवलं जात नाही. चूक खोडायची नाही, दुरुस्तीही लिहून ठेवायची. (पोस्टग्रेस या डेटाबेसला ही उलटवण्याची पायरी लागत नाही, ओळींच्या जुन्या आवृत्त्या तिथे तक्त्यातच असतात.)

पण लिहीतच राहायचं म्हटलं की डिस्क भरते. पोस्टग्रेसमध्ये लॉगच्या फाइली सहसा १६ एमबीच्या असतात. चेकपॉइंट, म्हणजे ‘इथवरचं तक्त्यात उतरलं’ ही खूण, पुढे सरकला, आर्काइव्हमध्ये प्रत गेली आणि रिप्लिकाने, म्हणजे डेटाबेसच्या जुळ्या प्रतीने, आपला वाटा उचलला, की जुन्या फाइली डेटाबेस स्वतःच काढतो किंवा पुन्हा वापरतो. यातलं एक जरी अडलं तरी ढीग वाढतो. मग मध्यरात्री कोणीतरी ‘लॉगच तर आहे’ म्हणून फोल्डर रिकामं करतं आणि डेटाबेस उठतच नाही. हे इतक्यांदा घडलं की २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत त्या फोल्डरच्या ‘पीजी_एक्सलॉग’ या नावातला ‘लॉग’ काढून ते ‘पीजी_वॉल’ केलं गेलं.

मला हा उपाय अर्धाच वाटतो. अडचण जागेची दिसते, पण असते थकलेल्या देण्याची. कोणाला तरी ती नोंद अजून पोहोचायची आहे. कधी तो घेणारा उरलेलाही नसतो: रिप्लिका केव्हाच बंद झालेली, तिचा स्लॉट, म्हणजे ती कुठवर पोहोचली याची नोंद, मात्र तसाच, आणि डेटाबेस इमानाने तिच्यासाठी फाइली राखतोय. यावर मर्यादा घालायची सोय २०२० च्या तेराव्या आवृत्तीत आली. आपण घातली नाही तर मर्यादा नसतेच.

तेव्हा डिस्क भरत आली की आधी आर्काइव्ह कुठे अडलंय आणि कोणता स्लॉट मागे पडलाय ते पाहा. लॉगच्या फाइलींना हात लावू नका.