न दिसणे आणि नसणे

विंडोजमध्ये गाण्याच्या फाइलवर माउसचा बाण थांबवला की एक छोटी चौकट उघडते. तिला टूलटिप म्हणतात. गायक, अल्बम, वर्ष, कालावधी असे तपशील तिच्यात येतात. कधी मात्र फाइलचा प्रकार, आकार आणि बदलाची तारीख एवढेच दिसते. मग फाइलमध्ये बाकीची माहितीच नाही, असा निष्कर्ष सहज काढला जातो. न दिसण्यावरून नसणे केव्हा सिद्ध होते, हा भारतीय दर्शनांनी कसून तपासलेला प्रश्न आहे.

कुमारिल भट्टाचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’, म्हणजे न दिसणे, हे स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानतात. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान घट न दिसण्यातून होते. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, यांच्या मते अभावाचे ज्ञान प्रत्यक्षानेच होते. अनुपलब्धी त्याला साहाय्य करते. प्राभाकर मीमांसक तर अभाव हा वेगळा पदार्थच मानत नाहीत. अनुपलब्धीचा आधार घेणारे मात्र एक अट घालतात: ती ‘योग्य’ असली पाहिजे. घट तिथे असता तर दिसलाच असता, असे म्हणता आले पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असे ठरत नाही.

टूलटिपच्या बाबतीत ही अट नेमकी लागू पडते. चौकट स्वतः फाइल वाचत नाही. ते काम त्या प्रकारासाठी नोंदलेला एक वाचक-घटक करतो. विंडोज ७ मध्ये फ्लॅक (FLAC) या ध्वनिप्रकाराच्या फाइलसाठी असा घटक मुळात नव्हता. विंडोज १० मध्ये फ्लॅकचा आधार अंगभूत आला. तीच फाइल जुन्या संगणकावर मुकी राहते आणि नव्यावर बोलते. तिच्यातील नोंदी दोन्हीकडे तशाच असतात.

वाचक कोणता, हे नावाच्या शेवटच्या अक्षरांवरून, म्हणजे विस्तारावरून, ठरते आणि त्याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत असते. नाव आणि वस्तू यांच्या अशा संबंधावरही दर्शनांत वाद आहे: मीमांसक शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य मानतात, नैयायिक तो संकेताने ठरलेला मानतात. फाइलचे नाव आणि तिचा वाचक किंवा ती उघडणारा प्रोग्राम यांचा संबंध उघडच नैयायिकांच्या बाजूचा आहे. नवा प्लेअर बसवला की तो हा संकेत बदलू शकतो, आणि चौकटीत कोणते रकाने दाखवायचे हेही त्यासोबत बदलू शकते. फ्लॅक फाइलचे नाव बदलून शेवटी ‘एमपी३’ लिहिले, तरी तिचे पहिले चार बाइट फ्लॅकची खूण सांगतच राहतात. संकेत मोडला म्हणून वस्तू मोडत नाही.

म्हणून दोष शोधण्याचा क्रम योग्यतेच्या कसोटीवरच बेतता येतो. आधी नावाचा विस्तार दृश्य करून तो आतील मजकुराशी जुळतो का हे पाहावे. मग सेटिंग्जमधील डीफॉल्ट ॲप्समध्ये त्या विस्ताराशी कोणता प्रोग्राम जोडला आहे हे तपासावे. त्यानंतर तो प्रकार वाचणारा घटक संगणकावर आहे का, याची खात्री करावी. शेवटी टॅग, म्हणजे फाइलमधील या नोंदी, संपादित करणाऱ्या स्वतंत्र प्रोग्राममध्ये फाइल उघडावी. टॅग वाचण्यास समर्थ असलेल्या या साधनालाही नोंदी सापडल्या नाहीत, तरच ती अनुपलब्धी योग्य ठरते आणि फाइलमध्ये माहिती नाही असे प्रमाणपूर्वक म्हणता येते.