पंचाहत्तराव्या वर्षी नवे गाव



आज उपवासकाळाचा दुसरा रविवार. पहिल्या वाचनात आपण अब्रामाची हकिगत ऐकली. परमेश्वर त्याला देश, नातलग आणि बापाचे घर सोडून निघायला सांगतो. कुठे जायचे ते मात्र सांगत नाही, दाखवीन एवढेच म्हणतो. आणि अब्राम निघतो. उपासनेतले वाचन तिथेच संपते. पण घरी गेल्यावर बायबल उघडून उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातले चौथे वचन पूर्ण वाचा. त्याच वचनाच्या उत्तरार्धात त्याचे वय दिले आहे. हारान सोडले तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता! ज्या वयात माणूस अंगणातली खाटसुद्धा सावलीत सरकवायला नातवाला हाक मारतो, त्या वयात हा गृहस्थ बायको, पुतण्या, गुरेढोरे घेऊन अनोळखी मुलखाकडे निघाला.

आम्ही हिंगोली जिल्ह्यात आलो तेव्हा आमचे वय त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक होते, आणि तरीही आमची कुरकुर त्याच्या दुप्पट होती. दोन वर्षांपूर्वी महागुरुस्वामींचे बदलीचे पत्र मिळाले. आमचे घर वसईचे, घरची बोली सामवेदी, जेवणात भात आणि मासळी. त्या मे महिन्यात एस.टी.तून उतरलो तेव्हा उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हा जिल्हा तसा स्वतःच नवा. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. ‘जिल्ह्यालाच अजून सवय व्हायची आहे, तिथे आमची काय कथा,’ असा विनोद आम्ही मनाशी करीत होतो. त्या विनोदात थोडा अहंकारही होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पहिले काही महिने आमच्या प्रत्येक प्रवचनात ‘आमच्याकडे वसईला’ हे शब्द यायचे. आमच्याकडे वसईला गायनमंडळ असे, आमच्याकडे वसईला सणाची मिरवणूक तशी. तुम्ही सर्वांनी ते शांतपणे ऐकून घेतले. अखेर एका आजींनी मिस्सानंतर आमचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “फादर, तुमच्या गावाकडचं देऊळ लई मोठं असंल. पर आमाला तर हितंच प्रार्थना करायची हाय ना.” त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच ते बोलणे जास्त लागले. आजच्या शुभवर्तमानात पेत्राला डोंगरावर तीन मंडप उभारायचे आहेत. जिथे बरे वाटले तिथेच मुक्काम करावा, एवढीच त्याची इच्छा. आमचाही एक मंडप वसईत उभाच होता, आणि आम्ही रोज संध्याकाळी मनाने त्यात जाऊन बसत होतो. प्रभू मात्र शिष्यांना घेऊन डोंगर उतरला.

भाषेचीही गंमत झाली. इथली भाषा मराठीच, तेव्हा अडचण ती काय, असे वाटले होते. एका शेतकरी बांधवाने विहिरीला आशीर्वाद देण्यासाठी ‘येरवाळी या’ म्हणून निरोप दिला. आम्ही तो शब्द प्रथमच ऐकत होतो. सोयीने त्याचा अर्थ ‘संध्याकाळी’ असा लावला आणि दिवस कलल्यावर पोचलो. तो बिचारा पहाटेपासून नारळ, मेणबत्ती मांडून बसला होता. विचारले असते तर कोणीही सांगितले असते. पण फादरने अर्थ विचारायचा कसा? शिकलेल्या माणसाची ही खोड वाईट. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. आपल्याला ठाऊक नाही हे ठाऊक असणे, ही सॉक्रेटिसाची शहाणपणाची खूण आम्ही परीक्षेत पानभर लिहिली होती आणि गुणही बरे मिळाले होते!

आता जे सांगायचे आहे ते जड आहे. ज्या कुटुंबाविषयी लिहीत आहोत, त्यांना विचारूनच लिहीत आहोत.

आल्या-आल्या आम्ही दोन नियम केले होते. रविवारची मिस्सा ठोक आठ वाजता, आणि प्रथम कम्युनियनची तयारी दिवाळीनंतर सुरू होऊन पुनरुत्थानाच्या सणापर्यंत. तीन वर्ग चुकले की नाव कमी. दोन्ही नियम वसईहून जसेच्या तसे आणलेले. दिवाळीनंतरच्या एका रविवारी वाचने संपत आली असताना एक जोडपे दोन लेकरांसह आत आले. प्रवचनात आम्ही त्यांच्याकडे पाहून उशिरा येण्याविषयी बोललो. नाव घेतले नाही, पण सगळ्या माना तिकडे वळल्या. मिस्सा संपल्यावर ती चौघे मागच्या दाराने निघून गेली. पुढच्या रविवारी आली नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. त्यांची मोठी मुलगी कम्युनियनच्या यादीत होती. तिसऱ्या गैरहजेरीला आम्ही तिच्या नावावर रेघ मारली. मनात म्हटले, रागावले असतील, जाईल राग.

नाताळच्या आधी कोणीतरी सहज सांगितले, “फादर, ते तर ऊसतोडीला गेले. त्या दिवशी रात्री टरक निघणार व्हता. तुमचा आशीर्वाद घ्यायला आलते.” मुकादमाकडे उचलीचा हिशेब करण्यात सकाळ गेली, म्हणून उशीर झाला होता.

बंधु-भगिनींनो, ही उचल, हा मुकादम, ही टोळी यांची माहिती तुम्हाला आम्ही काय द्यावी? पण आमच्यासारख्या बाहेरून आलेल्याला ती नव्हती. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, हे आम्हाला माहीत नव्हते. माणसांची मोजणी त्यांच्या हातातल्या हत्याराने होते, हे ऐकून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. दिवाळीनंतर निघालेली माणसे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. आणि आमचे कम्युनियनचे वर्ग नेमके याच महिन्यांत! म्हणजे ज्यांची लेकरे कोयत्यामागे जातात, त्यांना वगळणारा नियम आम्ही न कळत केला होता.

जानेवारीत आम्ही त्यांना शोधत पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्याच्या परिसरात गेलो. संध्याकाळ झाली होती. रस्त्याकडेला कोप्या ओळीने उभ्या होत्या. उसाचे पाचट, बांबू, वरून काळा प्लास्टिकचा कागद. आत उभे राहिले तर डोके टेकते. गडी अजून फडावर गाडी भरत होता. बाई वाढ्यांच्या पेंढ्या विकून नुकतीच आली होती. आम्हाला पाहून ती आधी घाबरली. गावाकडे कोणी गेले की काय, असे तिला वाटले. आम्ही म्हटले, कोणी गेले नाही, आम्ही क्षमा मागायला आलो आहोत. तिला त्यातले काय कळले ते सांगता येत नाही, कारण तिने लगेच चुलीवर चहाचे आधण ठेवले. क्षमेचा विषय तिच्याकडून तिथेच संपला.

चहा होईपर्यंत आम्ही विचारले, “इथे करमते का?” ती हसली. म्हणाली, “करमून घ्यावं लागतं.” मग तिने जे सांगितले ते आम्ही परतीच्या गाडीत वहीत उतरवून ठेवले. नव्या ठिकाणी उतरल्यावर ती पहिल्यांदा पाणी कुठे आहे ते पाहते. दुसरे काम शेजारच्या कोपीतल्या बाईचे नाव विचारण्याचे, कारण रात्री लेकरू तापले तर हाक कोणाला मारणार? आणि गावाकडच्या घराची आठवण दिवसा काढायची नाही. “दिसा काढली तर कोयता पायावर येतो,” ती म्हणाली. तिला त्या ओळीतल्या सगळ्या बायकांची नावे, कोण कोणत्या तालुक्यातली, कोणाला दिवस गेले आहेत, हे सगळे तोंडपाठ होते. आमच्या धर्मग्रामातली घरे मूठभर, आणि आठ महिने झाले तरी आम्हाला निम्म्यांची नावे सांगता आली नसती. ऊसतोडीला कोण जाते, हे तर विचारलेच नव्हते.

ती मुलगी कोपीच्या दाराशी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही विचारले, प्रार्थना येतात का? तिने ‘आमच्या स्वर्गीय बापा’ पूर्ण म्हटली, भावाची मान हाताने सावरत. आणि मग तिने विचारले, “फादर, माझं नाव हाय का यादीत?” आम्ही खोटे बोललो. हो म्हटले. परत आल्यावर ती रेघ खोडली, म्हणून ते खोटे किती धुऊन निघाले ते परमेश्वर जाणे.

त्या वर्षीपासून आपले कम्युनियनचे वर्ग मेपासून पुढे पावसाळ्यात होतात, हे तुम्हाला माहीत आहेच. ‘फादरांनी हे असे का केले’ असे काही जणांनी विचारले होते. कारण हे आहे.

नव्या मुलखात माणूस कसा रुजतो याचे एक उदाहरण आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्यात उतरले तेव्हा तिशीचे होते. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ साष्टीतल्या रायतूर येथे छापले गेले ते 1616 साली. मधली सदतीस वर्षे मोजा. आम्ही त्यांच्याविषयी शिकलो तेव्हा त्या जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे कौतुक केले. आता कौतुक वाटते ते सदतीस वर्षांचे. ते आले तेव्हा त्यांना इथला एक शब्दही येत नसणार. बाजारात, शेतात, मुलांकडून कितीदा त्यांना हसून घ्यावे लागले असेल! पण त्यांनी लोकांना आपल्या देशाच्या छंदात गायला लावले नाही. लोकांच्या ओठांवर असलेली ओवी त्यांनी उचलली. नागरी खिळे हाताशी नव्हते, तर मराठी ओव्या रोमन लिपीत छापून घेतल्या. 1619 साली ते गोव्यातच वारले. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण तर त्यांच्या मृत्यूनंतर, 1640 मध्ये छापले गेले. ते पुस्तक हातात घ्यायला ते नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याचेच. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. शिंपी घराण्यातला हा माणूस उतारवयात थेट पंजाबात गेला. तिथल्या लोकांनी त्यांना इतके आपले मानले की शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत, आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान येथे त्यांचे स्मारक आहे. 2015 साली मराठी साहित्य संमेलनही तिथेच भरले होते. नर्सीच्या फाट्यावरून जाताना आम्हाला वाटते, या मातीतून माणसे पूर्वीपासूनच दूर गेली आहेत. कोणी अभंग घेऊन, कोणी कोयता घेऊन. दोघांना एकाच ओळीत बसवले म्हणून कोणी रागावू नये.

तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल म्हणतो की घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसाच न्यायाची कामे करता करता न्यायी होतो. सद्‌गुण आधी मनात तयार होऊन मग हातात उतरत नाही. हे आम्हाला पुस्तकातून कळले होते, पण खरे कळले ते गेल्या वर्षीच्या हळदीच्या हंगामात. हळद शिजवण्याच्या वेळी आम्ही एका घरी गेलो. कढईची वाफ, धूर, तो उग्र वास. पूर्वी आम्ही तोंडाला रुमाल लावून लांब उभे राहत असू. त्या दिवशी घरात माणूस कमी होता, म्हणून टोपल्या उचलायला हात लावला. तासाभरात हात पिवळे, पाठ मोडलेली. दुसऱ्या दिवशी वेदीवर हात पसरले तेव्हाही नखे पिवळीच होती. मागून कोणी तरी हसले. त्या हसण्यात आम्ही पहिल्यांदा या गावचे झालो, असे आम्हाला वाटते. आधी प्रेम वाटेल आणि मग टोपली उचलू, असे म्हणत बसलो असतो तर अजून रुमालच धरून उभे असतो.

अजून आम्हाला सगळे जमते असे नाही. उन्हाळा सोसत नाही. ठेचा खाताना डोळ्यांतून पाणी येते आणि मुले ते बघायला जमतात. मासळीची आठवण येते, विशेषतः शुक्रवारी. आईचा फोन आला की सामवेदी बोलून घेतो आणि तेवढा वेळ आपला मंडप पुन्हा उभा राहतो. त्यात पाप आहे असे वाटत नाही. यिर्मया संदेष्ट्याने बाबिलोनमध्ये नेलेल्या आपल्या लोकांना पत्र लिहिले, त्यात त्याने त्यांना यरुशलेम विसरा असे सांगितले नव्हते. घरे बांधा, मळे लावा, आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे मात्र सांगितले होते.

यंदा दिवाळीनंतर निघणाऱ्या कुटुंबांना आपण मिस्सानंतर वेदीपुढे बोलावून आशीर्वाद दिला. त्या दिवशी मिस्सा सव्वानऊला सुरू झाली आणि कोणाचे काही बिघडले नाही. आता टोळ्या परतू लागतील. तोवर एक विनंती आहे. देवळाच्या दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. आपल्या घरातले, शेजारचे, जे कोणी ऊसतोडीला, पुण्या-मुंबईला कामाला किंवा शिक्षणाला बाहेर आहेत, त्यांची नावे आणि गाव तीत लिहा. लिहिता येत नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही लिहून घेऊ. पुढच्या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत ती सगळी नावे मोठ्याने वाचायची आहेत. एखाद्या गावाचे नाव चुकीचे उच्चारले तर तिथल्या तिथे सांगावे.

आपला धर्मगुरू