पंखांचा घोडा

2009 सालच्या मे महिन्यात मी माझ्या भाचीच्या हातातून एक पुस्तक काढून घेतले आणि कपाटात कुलूप लावून ठेवले. ती बारा वर्षांची होती. पुस्तक होते 'हॅरी पॉटर आणि परीस', म्हणजे जे. के. रोलिंग यांच्या पहिल्या कादंबरीचा मराठी अनुवाद. ईदीचे पैसे साठवून तिने ते घेतले होते. मोहल्ल्यातील एका हाफीजसाहेबांनी तिच्या हातात ते पाहिले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "मियाँ, सिहर शिकवणारी किताब घरात ठेवू नका. मूल कोवळे आहे." मी वाद घातला नाही. तिचे अब्बा जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. बिनबापाच्या मुलीची जबाबदारी अंगावर आली की माणूस गरजेपेक्षा जास्त सावध होतो.

भाची रडली नाही. तिने एवढेच विचारले, "मामू, तुम्ही वाचलंय का ते?"

मी वाचले नव्हते. हाफीजसाहेबांनीही वाचले नव्हते. या कादंबरीवर जगभर जी मते मांडली गेली, त्यांतली बरीचशी न वाचणाऱ्यांची आहेत, हे मला पुढे कळले. मूळ इंग्रजी पुस्तक जून 1997 मध्ये निघाले आणि जुलै 2007 मध्ये सातवा भाग येऊन मालिका संपली. या दहा वर्षांत मुलांनी ती डोक्यावर घेतली आणि मोठ्यांनी तिच्यावर खटले भरले. 30 डिसेंबर 2001 रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, अलामोगोर्डो गावी एका चर्चने ही पुस्तके होळीत टाकली. 2002 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत खासगी शाळांसाठी बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत तिचे नाव आले. कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी 2003 मध्ये एका जर्मन लेखिकेला लिहिलेल्या पत्रात या पुस्तकांच्या सूक्ष्म मोहापासून सावध राहण्याबद्दल लिहिले. अमेरिकन ग्रंथपालांच्या संघटनेने 2000 ते 2009 या काळात ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वाधिक हरकती आल्या त्यांची यादी केली, तिच्यातही पहिला क्रमांक हॅरी पॉटरचाच. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे धर्माचे रखवालदार इथे एका रांगेत उभे राहिले, याची मला गंमत वाटते.

पण हरकत फक्त धर्मवाल्यांची नव्हती. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे माझे एक जुने मित्र आहेत. त्यांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते माझी बाजू घेऊन म्हणाले, "बरं केलंत. आम्ही गावोगाव फिरून पोरांना सांगतो की जादू नसते, आणि तुम्ही लोक त्यांच्या हातात जादूची शाळा देता." म्हणजे जादू खरी आहे असे मानणारे हाफीजसाहेब आणि जादू खोटी आहे असे मानणारे माझे मित्र, दोघांच्याही मते ते पुस्तक कपाटातच बरे होते. दोघेही भले लोक. दोघांची भीतीही एकच: मूल वाचेल ते खरे मानेल.

मी तीन रात्रींत ते पुस्तक वाचले, ज्याने कुलूप लावले त्यानेच चोरून. मग कुराणातील सूरह बकराची एकशे दोनवी आयत पुन्हा काढून बसलो. हारूत आणि मारूत यांचा उल्लेख तिथे आहे. सैतान लोकांना जादू शिकवत, त्या दोघांपाशी लोक ती शिकायला जात आणि ते आधी बजावत की आम्ही केवळ परीक्षा आहोत, इमान गमावू नका. लोक तरीही शिकत. काय शिकत? नवरा-बायकोत फूट पाडण्याची विद्या. आणि अल्लाहच्या मर्जीवाचून त्या विद्येने कोणाचे नुकसान होत नाही, असेही तिथेच सांगितले आहे. या आयतीत मला कुठे उडते झाडू दिसले नाहीत. दिसले ते मुंबईच्या लोकलच्या डब्यात चिकटवलेले कागद: वशीकरण, सौतन से छुटकारा, चोवीस तासांत काम.

इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे.

मेव्हण्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चाले. अशा वेळी घरात कोणीतरी म्हणाले की हा आजार नाही, हे किया-कराया आहे. एक आमील आला. त्याने उंबऱ्याखालून काळ्या दोऱ्यात गुंडाळलेले लिंबू काढून दाखवले, जळता तावीज पाण्यात विझवला, आणि करणी करणारी बाई नात्यातलीच आहे असे सुचवले. नाव घेतले नाही. नाव न घेण्यात त्याची हुशारी होती, कारण मग प्रत्येकाने आपापले नाव घातले. सात हजार रुपये मी दिले, माझ्या हाताने. माझा विश्वास नव्हता. पण बहिणीचे तोंड पाहवत नव्हते, आणि न दिल्यामुळे काही झाले असते तर, हाही विचार मनात होता. मेव्हणे गेले. त्यांची एक चुलत बहीण दफनाच्या दिवशी अंगणातूनच परत गेली, आणि पुढे कित्येक वर्षे आमच्याकडे आली नाही.

भाचीने हे सर्व पाहिले होते. ते लिंबू निघाले तेव्हा ती दाराआड उभी होती.

म्हणजे जादूने माझ्या घरात फूट पाडली होती, ती मी पैसे देऊन घरी आणली होती, आणि सात महिन्यांनी जादूपासून घर वाचवण्यासाठी मी एका मुलीची कादंबरी जप्त केली. भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज कबूल होत नाही, असे हदीसमध्ये आले आहे. ती ताकीद आमच्यासारख्या गिऱ्हाइकाला आहे. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस जादूटोणाविरोधी कायदा झाला. तोही अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना फसवणाऱ्याला पकडतो. गोष्ट सांगणाऱ्याला पकडत नाही.

अर्थात गोष्ट म्हटली की सर्व माफ, असेही मी म्हणत नाही. मक्केत नझ्र बिन हारिस हा इराणातून ऐकून आलेल्या रुस्तम आणि इस्फंदियारच्या कहाण्या सांगून लोकांना पैगंबरांच्या बोलण्यापासून दूर खेचत असे, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. कहाणीचा असा वापर होतो. मात्र त्याच उम्मतने पुढे अमीर हम्जाची दास्तान शतकानुशतके ऐकली, अकबर बादशहाने तिची सुमारे चौदाशे चित्रे काढून घेतली, आणि 1883 पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड काढले. त्यांत पानोपानी जादूगार आहेत. त्या आधीच्याच दशकात डेप्युटी नझीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह' या कादंबरीतला सुधारलेला बाप मुलाचा पुस्तकसंग्रह जाळून टाकतो. लेखकाचा कौल बापाकडे आहे. मला मात्र ती कादंबरी वाचताना दरवेळी त्या दुरावलेल्या मुलाचेच वाईट वाटते.

आणि एक प्रसंग अबू दाऊदच्या हदीससंग्रहातला. वाऱ्याने पडदा उडाला आणि हजरत आयेशांच्या बाहुल्या दिसल्या. त्यांत चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. पैगंबरांनी विचारले, घोड्याला पंख? आयेशांनी उलट विचारले, की सुलेमानच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का? त्यावर पैगंबर इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या. त्यांनी तो घोडा काढून घेतला नाही. मी हा प्रसंग हाफीजसाहेबांना सांगितला. त्यांना तो माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "ते खेळणे होते." मी म्हणालो, "हेही खेळणेच आहे." ते हसले, पण पटले असे म्हणाले नाहीत.

मित्राच्या हरकतीला उत्तर भाचीनेच दिले. मी तिला विचारले, तुला वाटते का अशी शाळा कुठे असते? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मलाच लाज वाटली. "मामू, ते लिंबूवाले चाचा खरं म्हणून सांगत होते. हे तर पुस्तक आहे."

त्या कादंबरीत एक आरसा आहे. जो त्यात पाहतो त्याला त्याच्या मनातली सर्वांत खोल इच्छा दिसते. हॅरी अनाथ आहे. त्याला आरशात मेलेले आईबाप दिसतात आणि तो रात्रीमागून रात्री तिथे जाऊन बसतो. शेवटी शाळेचा म्हातारा मुख्याध्यापक त्याला समजावतो की हा आरसा ना ज्ञान देतो ना सत्य, आणि याच्यापुढे बसून माणसांची आयुष्ये वाया गेली आहेत; उद्या तो इथून हलवला जाईल, तू त्याला शोधू नकोस. पुढच्या भागांतही हेच आहे. इतकी जादू असलेल्या त्या जगात मेलेला माणूस परत आणणारा मंत्र मात्र नाही. आमच्या आमीलने असे काही सांगितले नव्हते. तो तर शेवटच्या आठवड्यापर्यंत उतारा होईल म्हणत होता.

आरशाच्या प्रकरणातल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. कपाटात ठेवण्याआधी मी तो पाहिला नव्हता.

अकराव्या दिवशी मी पुस्तक परत दिले. माफी मागितली की नाही ते आठवत नाही. बहुधा नसावी, आमच्याकडे मामूंनी माफी मागायची पद्धत नाही. तिने ते हातात घेतले, उघडले, दुमडलेला कोपरा आहे तसा आहे ना हे पाहिले, आणि अंगणातल्या खाटेवर जाऊन तिथून पुढे वाचू लागली.