कोयता फडात, आराखडा गावात

हिंगोली जिल्ह्यातल्या गावांचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा ज्या महिन्यांत आकाराला येतो, त्याच महिन्यांत त्या गावांतली सर्वांत गरजू माणसे गावात नसतात. ‘सबकी योजना, सबका विकास’ ही लोकयोजना मोहीम २०१८ पासून गांधी जयंतीच्या सुमारास सुरू होते. आपल्याकडे त्या दिवसांत सोयाबीनच्या काढणीची घाई असते. मग दसरा-दिवाळी उरकली की सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढते, दाराला कुलूप लागते. ते उघडते उन्हाळ्यात. तोवर रस्ता कोणत्या गल्लीत आणि नळ कोणत्या वस्तीला, हे ठरून गेलेले असते.

तारखा जुळत नाहीत म्हणून ही गोष्ट सोडून देता येणार नाही. हा अन्याय आहे आणि तो दरवर्षी आपल्या डोळ्यांदेखत घडतो.

पैसा गावात कसा येतो ते पाहा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा राज्यात थेट ग्रामपंचायतींना मिळाला आणि त्याची वाटणी मुख्यतः लोकसंख्येवर झाली. म्हणजे निधी मोजताना फडावर गेलेल्या जोडप्याचे डोके धरले जाते, त्यांच्या पोरांचेही धरले जाते. निधी कुठे खर्चायचा हे ठरवताना मात्र त्यांना कोणी विचारत नाही. ज्यांच्या नावावर पैसा आला, त्यांच्याच वस्तीचे काम ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून मागे पडते. याला दुसऱ्याच्या ताटातले उचलणे म्हणतात.

कायदा या माणसांच्या बाजूने आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली, तेव्हापासून ग्रामसभेला घटनेचा आधार आहे. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य आहे. तो कोल्हापूरच्या फडात असला तरी सदस्यच आहे. आपल्या राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा आणि त्याआधी महिलांची सभा बंधनकारक आहे. गणपूर्ती आहे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. एवढेही लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. नेमक्या याच वाटेने गावोगावचा निर्णय मूठभरांच्या हाती जातो. हजर असतील त्यांच्यासमोर यादी वाचली जाते, सह्या होतात आणि तो ‘गावाचा’ ठराव ठरतो.

‘बोलावले तरी लोक येत नाहीत’, असे कारभारी सांगतात. जो माणूस शंभर कोसांवर मोळ्या बांधतो आहे, त्याला हे उत्तर लागू पडत नाही. गावातच राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र ते लागू पडते. घरकुलाच्या यादीत आपले नाव असले की सभेला जायचे, नसले की रानात जायचे, ही सवय आपण मोडली पाहिजे. शेजाऱ्याच्या दाराला कुलूप असताना त्याची गरज मांडणारा कोणी सभेत नसेल, तर दोष एकट्या सरपंचाचा कसा?

संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. परंपरा सांगते, की मंगळवेढ्यात गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून संत चोखोबा गेले, तेव्हा नामदेव तिथे गेले, त्यांच्या अस्थी शोधल्या आणि पंढरीत महाद्वारापाशी आणून समाधी दिली. राबता राबता गेलेल्या माणसाला शोधून आणणे हे ज्यांनी आपले काम मानले, त्यांचे आपण वारस आहोत.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. टोळ्या निघण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आत, प्रत्येक वाडी-तांड्यावर संध्याकाळी वस्तीसभा घ्यावी. तिथे आधी बायकांना बोलू द्यावे, कारण घागर त्यांच्या डोक्यावर असते. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे रेशन, पोरांसाठी हंगामी वसतिगृह, पाण्याची सोय हे सारे लिहून आराखड्यात घ्यावे. टोळ्या परतल्यावर १ मेच्या सुमारास सभा भरवून काय झाले, काय राहिले आणि किती खर्च झाला, हे मोठ्याने वाचून दाखवावे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाचा विरोध असला तरी गाव थांबते, पुन्हा बसते. आपण निदान कुलूपबंद घरांसाठी थांबायला शिकू या.

हिंगोली १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, तो लोकांचा कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणून. तो अजून तांड्यापर्यंत पोहोचायचा आहे. म्हणून यंदा टोळ्या निघण्याआधी आपल्या सरपंचांकडे आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे वस्तीसभेची लेखी मागणी करा, चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि सभेला स्वतः जाऊन बसा. ज्यांची डोकी मोजून निधी आणला, त्यांना विचारल्याशिवाय तो खर्च करण्याचा अधिकार कोणत्याही गावाला नाही.