सुरी परत देणारा माणूस

‘मिशन: इम्पॉसिबल’चा आठवा भाग, ‘द फायनल रेकनिंग’, २०२५ च्या मे महिन्यात मुलाबरोबर पाहिला. टॉम क्रूझचा ईथन हंट समुद्राच्या तळाशी बुडालेल्या पाणबुडीत शिरतो, उडत्या विमानाला लोंबकळतो, छाती धडधडते. पण घरी आलो तो विल्यम डनलोचा विचार करत.

१९९६ च्या पहिल्या भागात डनलो हा सीआयएचा साधा कर्मचारी होता. लँगलेच्या मुख्यालयातली ती पांढरीशुभ्र खोली त्याच्या ताब्यात असते. आवाज, उष्णता, जमिनीवरचा भार, काहीही वाढलं की तिथली घंटा वाजते. ईथनची साथीदार त्याच्या कॉफीत औषधाचे थेंब टाकते, तो उलट्या करायला धावतो, आणि तेवढ्यात ईथन दोरावरून उतरून गुप्तहेरांची यादी उतरवून घेतो. डनलो परततो तर टेबलात रुतलेली सुरी. वरिष्ठ एका वाक्यात त्याची रवानगी अलास्कातल्या रडार केंद्रावर करतात. थिएटर हसलं होतं. मीही हसलो होतो.

शेवटच्या भागात तोच डनलो, तोच अभिनेता रॉल्फ सॅक्सन, बेरिंग समुद्रातल्या बेटावर भेटतो. ती सुरी त्यानं इतकी वर्षं जपून ठेवलेली असते. ईथन त्याची माफी मागतो. डनलोच्या मनात कडवटपणा नाही. त्या बदलीमुळेच त्याला त्याची बायको टपीसा भेटली. तो सुरी परत करतो.

प्रसंग सुंदर आहे, तरी मला तो अवघड वाटतो. डनलोचं आयुष्य चांगलं गेलं, ते डनलोनं घडवलं. ईथनची चूक त्यामुळे लहान होत नाही. टपीसा भेटली नसती तर?

माझ्या पहिल्या नोकरीत एक जुनी फाइल हवी होती. परवानगीची वाट पाहायचा धीर नव्हता. सुट्टीच्या दिवशी रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या काकांना गळ घातली. त्यांनी भरवशावर किल्ली दिली. माझं काम फत्ते झालं, साहेबांनी पाठ थोपटली. पुढे चौकशी झाली तेव्हा किल्लीच्या रजिस्टरवर सही काकांची होती. महिन्याभरात त्यांची बदली दूरच्या तालुक्याला झाली. त्या वर्षी त्यांच्या मुलीची दहावी होती. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि मी तो खाल्ला. किल्ली मी मागितली होती, हे तेव्हा साहेबांना सांगता आलं असतं. ते सोपं होतं, म्हणून आज जास्त लागतं.

आपण काही मोठं करायला निघतो तेव्हा वाटेत कुणीतरी असा उभा असतोच. त्याला आपण ढकललेलंही नसतं. फक्त वळून पाहिलेलं नसतं.

सिनेमा पाहिल्यावर एका जुन्या सहकाऱ्याला फोन करून काकांचा पत्ता मागितला. ते निवृत्तीनंतर त्याच गावी राहिले, तिथेच घर बांधलं, मजेत आहेत, असं तो म्हणाला. ऐकून क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

रविवारी पहिल्या एसटीनं निघतो आहे.